पडद्यामागचा गळा : मेगुमी हायाशिबारा

होस्टेलमध्ये अ‍ॅनिमे बघणारी जनता दोन पक्षांत विभागलेली असते. एका पक्षाचं म्हणणं, जपानीतच बघायचं आणि खाली सबटायटल्स वाचायची. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, वाचायचीच हौस असती तर पीएलमध्ये पुस्तक नसतं का उघडलं? डब लाव! हा वाद मेसच्या भाजीवरच्या वादासारखाच सनातन आहे आणि तो मिटवायला मी काही बसलेलो नाही. पण दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. जपानीतली 'ओरिजिनल' अ‍ॅनिमेसुद्धा डबच केलेली असते! चित्र थोडंच बोलतं? त्या रेघांना आणि रंगांना आवाज देणारा माणूस टोकियोतल्या एखाद्या बंद खोलीत हातात कागद धरून उभा असतो. त्याला जपानीत म्हणतात 'सेइयू', म्हणजे आवाजाचा नट किंवा नटी.

या सेइयू मंडळींतलं एक नाव आपल्यातल्या बहुतेकांनी कधी वाचलेलं नसतं, पण तिचा आवाज मात्र ऐकलेला असतो. मेगुमी हायाशिबारा. 'इव्हँजेलियन'मधली रेई, 'काउबॉय बीबॉप'मधली फे, 'डिटेक्टिव्ह कॉनन'मधली आय हायबारा, 'पोकेमॉन'मधल्या टीम रॉकेटची जेसी, 'स्लेयर्स'मधली लीना... या सगळ्या एकच बाई! आणि ती नुसती बोलत नाही, गातेसुद्धा. तिच्या भूमिकांची यादी द्यायची म्हटली तर हा अख्खा अंक पुरायचा नाही, म्हणून ते सोडून देतो. मला सांगायचंय ते एवढंच, की बोलणारा गळा आणि गाणारा गळा एकच असला की पात्राचं काय होतं. आपल्याला हे दोन गळे वेगळे ठेवायची इतकी सवय झाली आहे की ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही.

आधी त्या बंद खोलीत काय चालतं ते बघू.

जपानी पद्धतीला 'अफुरेको' म्हणतात. 'आफ्टर रेकॉर्डिंग' हे शब्द जपानी तोंडात बसून तयार झालेलं हे रूप. आधी चित्र, मग आवाज. (उलटी पद्धतही आहे, आधी आवाज आणि त्याबरहुकूम चित्र. १९८८ च्या 'अकिरा'मध्ये ती वापरली होती, पण ती फार खर्चिक.) खोलीत समोर पडदा, पडद्यासमोर तीन-चार माइक आणि मागे भिंतीला लागून खुर्च्यांवर बसलेले सगळे कलाकार. माइक कमी, माणसं जास्त! ज्याचं वाक्य येणार तो उठतो, पावलं न वाजवता रिकाम्या माइकपाशी जातो, बोलतो आणि मागे सरकतो. त्याच्या जागी लगेच दुसरा. स्क्रिप्टचं पान उलटताना कागद वाजता कामा नये. सळसळणारे कपडे चालत नाहीत. भांडणाच्या सीनमध्ये चार जण आळीपाळीने माइक बदलत असतात आणि कुणाचा धक्का कुणाला लागत नाही. आपल्या मेसच्या रांगेत हे जमेल का सांगा.

त्यात आणखी गंमत अशी की चित्र बऱ्याचदा पूर्णच झालेलं नसतं. आपलं जर्नल जसं सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण होतं, तसंच तिथेही चालतं. मग पडद्यावर नुसती पेन्सिलची रेखाटनं दिसतात. कधी तीही नसतात, फक्त रंगीत रेघ किंवा पात्राच्या नावाची पट्टी. पट्टी उमटली की बोलायचं, गेली की थांबायचं. समोर चेहरा नाही, डोळे नाहीत, आणि रडायचंय! पात्र कसं दिसणार, मान कुठे वळवणार, हे सगळं कलाकाराने डोक्यात धरायचं. म्हणून मला वाटतं, सेइयू चित्राला आवाज 'देतो' म्हणणं अपुरं आहे. पुष्कळदा पात्राचा अर्धा भाग चित्रकाराकडे आणि अर्धा त्याच्याकडे असतो.

ओठांचं गणित तसं सोपं आहे. टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेत बोलणाऱ्या तोंडाची साधारण तीनच चित्रं असतात : बंद, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. तीच आलटून पालटून लावतात. त्यामुळे जपानी कलाकाराला अक्षरन् अक्षर जुळवावं लागत नाही, वाक्याची सुरुवात आणि शेवट गाठला की झालं. खरी पंचाईत होते ती नंतर दुसऱ्या भाषेत डब करणाऱ्याची. चित्रं तीच, सेकंद तेवढेच, पण वाक्य आता इंग्लिश किंवा हिंदी. त्यात तो सहसा बूथमध्ये एकटा असतो. मूळ आवाज हेडफोनवर ऐकायचा आणि जो माणूस समोर नाहीच, त्याच्याशी भांडायचं. जपानमध्ये सगळे एका खोलीत असायचे, म्हणून एकाच्या श्वासावर दुसऱ्याचं वाक्य चढायचं. २०२० च्या साथीत तिथेही छोट्या तुकड्या पाडून रेकॉर्डिंग करावं लागलं, तेव्हा या धंद्यातल्या जुन्या लोकांना काय हरवलंय ते नेमकं कळलं असणार.

आता मेगुमीकडे वळू.

जन्म ३० मार्च १९६७, टोकियो. शिकत होती नर्सिंग! नर्सिंग स्कूल चालू असतानाच तिने आर्ट्स व्हिजन या आवाज-कलाकारांच्या एजन्सीची ऑडिशन दिली आणि तिची निवड झाली. मग दोन्ही शिक्षणं एकाच वेळी सुरू. १९८६ साली 'मेझोन इक्कोकु' या मालिकेत किरकोळ आवाज काढून तिची सुरुवात झाली. मात्र नर्सिंग तिने अर्ध्यावर सोडलं नाही. ते पूर्ण केलं, नर्स म्हणून पात्रता मिळवली आणि मग माइकसमोरच राहिली. डिग्री एका गोष्टीची घ्यायची आणि पोट दुसऱ्याच गोष्टीवर भरायचं, ही काही फक्त आपल्या लोकांची खासियत नाही.

यात धोका किती होता ते कळायला थोडं पैशाचं बोलायला हवं. जपानमध्ये आवाज-कलाकारांच्या मानधनाचं ठरलेलं दरपत्रक असतं. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या कलाकाराला अर्ध्या तासाच्या एका भागाचे १५,००० येन. वाक्य एक असो की शंभर, पैसे तेवढेच. त्यातून एजन्सीचा वाटा जातो. आणि काम दर आठवड्याला मिळेलच असं नाही. हे दरसुद्धा कुणी आपणहून दिले नाहीत. १९७३ मध्ये आवाज-कलाकारांनी संप केला, रस्त्यावर मोर्चा काढला, तेव्हा कुठे मानधन जवळजवळ तिप्पट झालं. विचार करा, एरवी ज्यांचे चेहरे कुणाला माहीत नाहीत अशी माणसं घोषणा देत चालली आहेत! ऐकणाऱ्यांना आवाज ओळखीचे वाटले असतील, बघणाऱ्यांना चेहरे नाही. हॉस्पिटलातली पक्की नोकरी एका बाजूला आणि हे सगळं दुसऱ्या बाजूला, असा तिचा हिशोब होता.

१९८९ मध्ये तिला 'रान्मा १/२' मिळाली. रुमिको ताकाहाशी यांच्या गाजलेल्या कॉमिकवरची मालिका. रान्मा हा मार्शल आर्ट्स शिकणारा मुलगा. एका शापित झऱ्यात पडल्यामुळे अंगावर थंड पाणी पडलं की तो मुलगी होतो, गरम पाणी पडलं की परत मुलगा. भूमिका एक आणि आवाज दोन! मुलगा असतानाचा काप्पेई यामागुची याचा, मुलगी झाल्यावरचा मेगुमीचा. आता यातली मेख बघा. मेगुमीला मुलीचा आवाज काढायचा नव्हता. मुलीच्या शरीरात अडकलेल्या, त्यावरून वैतागलेल्या, तोऱ्यात बोलणाऱ्या मुलाचा आवाज काढायचा होता. शिवाय फुकट आइस्क्रीम वगैरे मिळवायला तो मुद्दाम लाडिक मुलगी झाल्याचं नाटकही करतो. म्हणजे मुलगी, तिच्या आत मुलगा, तो पुन्हा मुलीचं सोंग करतोय. हे तीन थर एका वाक्यात ऐकू आले पाहिजेत, आणि मधेच पाणी पडलं की पुढचा अर्धा शब्द यामागुचीने उचलला पाहिजे. विनोदी मालिका म्हणून ती हसत हसत बघितली जाते, पण आवाजाची कसरत म्हणून पुन्हा एकदा कान देऊन ऐकावी.

आणि इथूनच गाणं सुरू झालं. 'रान्मा'मधल्या पाच नट्यांचा 'डोको' नावाचा एक गट बनवला : मेगुमी, नोरिको हिदाका, मिनामी ताकायामा, किकुको इनोउए, रेई साकुमा. या पाच जणी आपापल्या पात्रांच्या आवाजात गायच्या. याला 'कॅरेक्टर साँग' म्हणतात. पात्र गातंय असं समजून गायचं. गळा चांगला असून भागत नाही. ते पात्र बेसूर असेल, लाजरं असेल, खोटारडं असेल तर तेही गाण्यात आलं पाहिजे. १९९१ मध्ये मेगुमीचं स्वतःच्या नावावरचं पहिलं गाणं आणि पहिला अल्बम निघाला. अल्बमचं नाव 'हाफ अँड, हाफ'. अर्धं आणि अर्धं. रान्माच्या नावातला तो १/२ इथेही आलाच. पुढे तिने बरीचशी गाणी स्वतः लिहिली, त्यावर गीतकार म्हणून रोमन लिपीत नुसतं 'मेगुमी' असं नाव असतं. १९९७ च्या एका अल्बमचं नाव तर चक्क 'इरावती' आहे. मराठी माणसाला ते वाचून कर्वेबाईच आठवणार!

यात धंदाही होता, ते लपवायचं कारण नाही. अ‍ॅनिमे काढायला पैसे लागतात आणि ते घालणाऱ्यांत रेकॉर्ड कंपन्या असतात. मालिकेतली नायिका स्वतःच शीर्षकगीत गात असेल तर मालिका बघणारा सीडी घेतो आणि सीडी ऐकणारा मालिका बघतो. किंग रेकॉर्ड्स या कंपनीने हे गणित बरोबर ओळखलं. १९९४ मध्ये जपानात फक्त आवाज-कलाकारांना वाहिलेली मासिकं निघू लागली होती, मुखपृष्ठावर सेइयूंचे फोटो यायला लागले होते. किंगचे निर्माते तोशिमिची ओत्सुकी यांच्याकडे त्याच सुमारास दोन मालिका होत्या. दोन्हींत मेगुमी होती.

ते वर्ष १९९५.

एप्रिलमध्ये 'स्लेयर्स' सुरू झाली. तिची लीना इन्व्हर्स ही जादूगार मुलगी. खादाड, भांडकुदळ, पैशाची लोभी, रागावली की अख्खं गाव उडवून देणारी. ती बोलते तेव्हा श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही. मंत्र म्हणताना मात्र आवाज खाली येतो, संथ होतो, आणि शेवटच्या शब्दाला फुटतो. ऑक्टोबरमध्ये 'नीऑन जेनेसिस इव्हँजेलियन' सुरू झाली. तिच्यातली रेई अयानामी जवळजवळ बोलतच नाही. बोलली तर एका पट्टीत, सपाट, कुठलाही शब्द उचलून न धरता. सहा महिन्यांच्या अंतराने सुरू झालेल्या या दोन मुली, एक टोकाची कर्कश आणि एक टोकाची शांत, आणि गळा एकच! ज्यांना पटत नाही त्यांनी दोन्हींचा पहिला-दुसरा भाग लागोपाठ लावून बघावा.

रेईचा आवाज ही सोपी गोष्ट नव्हे. सपाट बोलणं कुणालाही येतं. आपण व्हायवाला तसंच बोलतो. पण सपाट बोलूनही ऐकणाऱ्याला आत काहीतरी आहे असं वाटलं पाहिजे. मेगुमीने याबद्दल सांगितलेलं आहे, की दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी तिला एक फरक समजावून दिला : रेईला भावना नाहीत असं नाही, भावना म्हणजे काय हे तिला माहीतच नाही. यंत्राचा आवाज काढणं आणि ज्याला अजून रागाचं नाव ठाऊक नाही अशा माणसाचा आवाज काढणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेगुमीने दुसरं केलं. रेई एखादं साधं वाक्य बोलायच्या आधी किंचित थांबते. ते थांबणं ऐका. तिथे पात्र शब्द शोधतंय. मालिकेच्या शेवटच्या भागात एका काल्पनिक जगातली रेई दिसते, ती शाळेला उशीर झाला म्हणून धावणारी, बडबडी. तिचाही आवाज अर्थात मेगुमीचाच, आणि तो ऐकला की कळतं की इतके भाग तिने काय काय दाबून धरलं होतं. तिच्यानंतर अ‍ॅनिमेत शांत, थंड, भावनाशून्य मुलींची लाट आली. त्यातल्या कितीतरी जणींनी फक्त सपाटपणा उचलला.

आता गाण्याचं. 'स्लेयर्स'चं पहिलं शीर्षकगीत मेगुमीने मासामी ओकुईबरोबर गायलं. १९९६ च्या 'स्लेयर्स नेक्स्ट'चं 'गिव्ह अ रीझन' तिने एकटीने गायलं आणि ते जपानच्या ओरिकॉन यादीत पहिल्या दहांत गेलं. कार्टूनला आवाज देणारी बाई पॉप गायकांच्या रांगेत! पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. २००९ च्या 'इव्हँजेलियन' चित्रपटात (नव्या मालिकेतला दुसरा) शेवटी नायक शिंजी रेईला मृत्यूच्या तोंडातून ओढून काढतो. त्या धुमश्चक्रीत पार्श्वभूमीला तोफखाना वाजवायचा सोडून आन्नो यांनी एक जुनं, जपानी शाळांतल्या मुलांना पाठ असलेलं, पंख मागणारं गाणं लावलं. गायलंय मेगुमीने. म्हणजे पडद्यावर जी मुलगी हरवत चालली आहे तिचाच आवाज, जो संवादात कधी वर चढला नाही, तो इथे सुरात येतो. दुसऱ्या कुठल्याही उत्तम गायिकेने ते म्हटलं असतं तर ते पार्श्वगीत झालं असतं, बस्स. इथे पात्र स्वतः गातंय की गाणारी बाई पात्राकडे बघतेय, हे सांगता येत नाही, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

आपल्याकडे असं का होत नाही? कारण हिंदी सिनेमाने फार पूर्वीच काम वाटून टाकलं. नटी बोलणार, गाणं दुसरी कुणीतरी म्हणणार. लता मंगेशकरांनी आईच्या पिढीच्या नायिकेसाठी गायलं आणि लेकीच्या पिढीच्याही. आपल्याला त्यात काही खटकत नाही, उलट तेच खरं वाटतं. त्याचे फायदे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतोच आहोत. पण आपल्याच घरात याच्या उलट परंपरा होती हे विसरायला नको. संगीत नाटकात जो नट बोलायचा तोच गायचा. बालगंधर्व भामिनी म्हणून बोलता बोलता पदाला सुरुवात करायचे, तेव्हा भामिनीच गात असायची. शिवाय तिथे पुरुष बाईची भूमिका करायचा, तर अ‍ॅनिमेत बायका मुलग्यांच्या करतात : १९६३ च्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'ला मारी शिमिझू, गोकूला मासाको नोझावा, नारुतोला जुन्को ताकेउची, आणि कॉननला 'डोको'मधलीच मिनामी ताकायामा. वेश बदलला की आवाजावर सगळा भार येतो, हे नाटकवाल्यांना माहीत होतं, सेइयूंनाही माहीत आहे. (बालगंधर्व गेले १९६७ मध्ये आणि मेगुमीचा जन्म १९६७ चा. याचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.)

तिच्या पुढच्या भूमिका बघितल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. जवळजवळ प्रत्येकीत दोन माणसं आहेत. कॉननमधली हायबारा ही विष घेऊन लहान मुलगी झालेली शास्त्रज्ञ. शरीर शाळेतल्या मुलीचं, बोलणं मात्र थकलेल्या मोठ्या बाईचं. १९९९ पासून ती भूमिका मेगुमीकडे आहे, आणि २०२३ मधला हायबाराभोवती फिरणारा कॉनन चित्रपट हा त्या मालिकेतला १,००० कोटी येनांचा पल्ला ओलांडणारा पहिला. सातोशी कोन यांच्या २००६ च्या 'पाप्रिका'त ती डॉक्टर अत्सुको चिबाही आहे आणि स्वप्नात वावरणारी पाप्रिकाही. एक आखीव आणि कोरडी, दुसरी अवखळ. एका ठिकाणी या दोघी एकमेकींशी वादही घालतात! दिग्दर्शकांना कळलं होतं की हिच्या गळ्यात दोन जणी शेजारी शेजारी राहू शकतात.

२०१६ ची 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू' ही मात्र हटके मालिका. राकुगो म्हणजे जपानी कथाकथन : एक माणूस मांडी घालून, म्हणजे त्यांच्या पद्धतीने गुडघ्यांवर बसून, सगळ्या पात्रांचे संवाद एकटाच म्हणतो. मेगुमी त्यात मियोकिची नावाची गेशा आहे. शीर्षकगीत शीना रिंगो या नामवंत गायिका-संगीतकाराने लिहून मेगुमीकडून गाऊन घेतलं. ते ऐकताना 'स्लेयर्स'मधली धावाधाव आठवतसुद्धा नाही. जॅझच्या अंगाने जाणारं, वय झालेल्या बाईचं गाणं. पन्नाशीला आलेल्या गळ्याला त्याच्या वयाचं काहीतरी मिळालं याचा मला ऐकणारा म्हणून फार आनंद झाला.

एवढी गाणी, एवढे अल्बम, १९९२ पासून तीस वर्षांहून अधिक चाललेला 'टोकियो बूगी नाइट' हा रेडिओ कार्यक्रम, आणि कॉन्सर्ट किती? तिची स्वतःची पहिली कॉन्सर्ट झाली जून २०१७ मध्ये, टोकियोच्या नाकानो सनप्लाझा सभागृहात. पहिल्या गाण्यानंतर २६ वर्षांनी! तिच्या मागून आलेल्या नाना मिझुकीने २०११ मध्येच टोकियो डोम भरवला होता. आवाज-नट्या स्टेडियममध्ये गातात, नाचतात, हे तोपर्यंत नेहमीचं झालं होतं. किंबहुना आज नव्या मुलींना नुसता आवाज असून चालत नाही. दिसणं, नाचणं, इव्हेंटला हात हलवणं हे सगळं लागतं. हा रस्ता पाडणाऱ्यांत मेगुमी होती, पण ती स्वतः त्यावरून बेतानेच चालली. माझ्या मते तिला गाण्यातही माइकची बाजू आवडत होती, स्टेजची नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी हिंदी 'पोकेमॉन' बघितलं (ते आपल्याकडे २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आलं) त्यांनी मेगुमीची भूमिका बघितली, आवाज ऐकला नाही. जपानीत टीम रॉकेटची ती जोडी म्हणजे मुसाशी आणि कोजिरो. मियामोतो मुसाशी आणि सासाकी कोजिरो या दोन प्रसिद्ध तलवारबाजांवरून ही नावं. जपानी पोराला ऐकल्या ऐकल्या हसू येणार. अमेरिकेत डब करताना जेसी आणि जेम्स केलं, जेसी जेम्स या तिकडच्या दरोडेखोरावरून. हिंदी आवृत्ती इंग्लिशवरून झाली, त्यामुळे आपल्या वाट्याला जेसी आणि जेम्स आले, ज्यांचा ना जपानशी संबंध ना आपल्याशी! इंग्लिशमध्ये सुरुवातीच्या बहुतेक भागांत जेसीला आवाज रॅचेल लिलिस यांचा होता, आणि तिची शत्रू मिस्टी, तिलाही त्यांचाच. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वारल्या तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं की त्या दोघी भांडत होत्या ते एकाच गळ्यातून.

आपल्या डबिंगवाल्यांची नावं तर आपल्याला अजून कमी माहीत असतात. हिंदी 'निंजा हातोडी'चा आवाज मेघना एरंडे या मराठी नटीचा, हे किती जणांना ठाऊक आहे? २०२१ च्या 'पुष्पा'च्या हिंदी आवृत्तीत श्रेयस तळपदेने आवाज दिला तेव्हा त्याची चर्चा झाली, कारण तो आधीच ओळखीचा चेहरा होता. कार्टूनच्या मागे उभ्या राहिलेल्यांची चर्चा होत नाही.

आणि एक गोष्ट तर थेट आपल्या ब्रँचची आहे. आवाजाचे थोडे नमुने घेऊन त्याच आवाजात काहीही बोलायला लावणारे, गायला लावणारे प्रोग्रॅम आता कुणाच्याही लॅपटॉपवर चालतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानच्या नामवंत सेइयूंनी एकत्र येऊन परवानगीशिवाय आवाज वापरण्याविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. त्यात 'बीबॉप'मधल्या स्पाइकचा आवाज, म्हणजे फेचा जोडीदार, कोइची यामादेरा आहेत, 'फुलमेटल अल्केमिस्ट'ची रोमी पार्क आहे. १९७३ मध्ये भांडण मानधनासाठी होतं, आता आवाज कुणाचा यासाठी आहे. असले प्रोजेक्ट आपल्याकडे फायनल इयरला हमखास असतात, डेटासेट कुठून आला हे मात्र गाइडही विचारत नाहीत. सपाट आवाज मशीनला सहज येईल. रेईच्या वाक्याआधीचं ते थांबणं कुठल्या कॉलममध्ये भरणार, हा प्रश्न ज्यांना सोडवायचा असेल त्यांनी आधी त्या माणसाला विचारावं, एवढंच.

२०२१ मध्ये मेगुमीने आपण केलेल्या पात्रांकडून काय शिकलो यावर एक पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी 'इव्हँजेलियन'चा शेवटचा चित्रपट आला आणि रेई संपली. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'रान्मा'ची नवी आवृत्ती सुरू झाली. चित्रं नवी, स्टुडिओ नवा, दिग्दर्शक नवा. पण रान्मा मुलगा असताना काप्पेई यामागुची आणि मुलगी झाल्यावर मेगुमी हायाशिबारा, ३५ वर्षांनी तेच! पात्राचं वय सोळा, तिचं सत्तावन्न.

ऐकायचं असेल तर कुठून सुरुवात करावी? 'इव्हँजेलियन' परीक्षेच्या आधी लावू नका, अभ्यास होणार नाही आणि झोपही येणार नाही. 'स्लेयर्स' जेवताना चालते. नवी 'रान्मा' नेटफ्लिक्सवर आहे. एकच काही बघणार असाल तर 'पाप्रिका' बघा, जपानीतच, आणि शक्य तर हेडफोन लावून. दीड तासाची आहे, रात्रीच्या मेसनंतर लावली तर लाइट जायच्या आत संपते.